व्होल्गाच्या डाव्या दारातलं जळमट

१

"बुरुलाई! बाहेर ये! ये आणि बघ आपल्या हातची करणी!"

मुक्तार बाइकेंचा आवाज मुळातच दणदणीत, त्यात समोरासमोर पत्र्याच्या दारांच्या दोन रांगा. सोमवारी सकाळी साडेआठला बिश्केकच्या त्या सगळ्या गॅरेज-सोसायटीला कळलं, की चौदा नंबरच्या गाळ्यातल्या बाईचं काहीतरी चुकलंय. लोकांना आणखी काय हवं असतं? चहाचे पेले हातात घेऊनच मंडळी बाहेर आली.

बुरुलाई हात पुसत बाहेर आली. समोर उन्हात काळी व्होल्गा उभी होती. ही गाडी तिने शुक्रवारी संध्याकाळी स्वतः मुक्तार बाइकेंच्या ताब्यात दिली होती. चार दिवस खपून तिने त्या जुन्या काळ्या रंगातलं एकूण एक जळमट काढलं होतं. जळमट म्हणजे रंगावर गोल गोल पसरलेले ते बारीक ओरखडे. वर्षानुवर्षं घाणेरड्या फडक्याने गाडी पुसली, की सूर्याभोवती जाळं विणल्यासारखे दिसतात ते. येत्या शनिवारी मुक्तार बाइकेंच्या लेकीचं लग्न होतं, आणि वरातीत सगळ्यांत पुढे ही व्होल्गा निघायची होती.

"मागचं डावं दार बघ," मुक्तार बाइके म्हणाले. "मी काल दिवसभर इसिक-कूलला, नातेवाइकांच्या श्राद्धाच्या जेवणाला. रात्री आलो, सकाळी गाडीवर दोन बादल्या पाणी मारलं, उन्हात काढली, आणि हे! तेल चोपडलं होतंस ना गं तू? दोन बादल्यांत तुझी कला वाहून गेली!"

बुरुलाई दाराशी वाकली. दारावर उन्हात चमकते पट्टे लहरत होते. डोकं हलवलं की तेही सरकायचे.

"आज पाच वाजता सभा आहे," मुक्तार बाइके सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. ते सोसायटीचे अध्यक्ष होते. "चौदा नंबरचा गाळा हिच्याकडे ठेवायचा की नाही, हे ठरायचंय. मी हिच्या बाजूने बोलणार होतो. आता कुठल्या तोंडाने बोलू?"

हा गाळा गेला तर दुसरा मिळणार नव्हता. बाईला गाळा द्यायला शहरातल्या बाकी तीन सोसायट्यांनी आधीच नकार दिला होता. एकीने तर हसून दिला होता.

"बाइके, पाच वाजायला साडेआठ तास आहेत," बुरुलाई म्हणाली. "तोवर गाडी माझ्या दारात राहू द्या."

"राहू दे. पण हात लावून पुन्हा तेल चोपडलंस तर याद राख!"

२

बुरुलाई रडली नाही. रडायला तिला वेळ नव्हता, आणि राग एवढा आला होता की रडू फुटलंही नसतं. तिने स्पिरिटची बाटली आणि स्वच्छ फडकं घेतलं, आणि मुक्तार बाइकेंच्या नाकासमोर बॉनेट पुसलं. मग टप, मग उजवी दोन्ही दारं, मग पुढचं डावं.

"स्पिरिटने तेल उरत नाही," ती म्हणाली. "मी तेलाने जळमटं बुजवली असती, तर आत्ता सगळी वर आली असती. दिसतंय एक तरी?"

बाइकेंनी डोळे बारीक केले. बॉनेटमध्ये त्यांना स्वतःच्या मिशा दिसल्या, आणि तेवढंच दिसलं.

"मग या एकाच दारात लबाडी केलीस."

"थांबा." तिने खिशातून रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र काढलं, आणि गाळ्यातून एक कागद आणला. कागदावर प्रत्येक दाराचे आकडे होते आणि खाली शुक्रवारची सही होती. "ही सही कुणाची?"

"माझी. पण मी काय वाचून केली होती?"

"शुक्रवारी हे दार एकशे चाळीस मायक्रॉन होतं. आज बघा." यंत्र टेकवलं. टोकांना एकशे चाळीसच आलं. दाराच्या मधोमध, कंबरेच्या जरा खाली, एकशे बारा.

मुक्तार बाइकेंनी यंत्रावरचा आकडा दोनदा वाचला. ते कसाई नव्हते, मोठ्या आवाजाचे गृहस्थ होते एवढंच.

"रंग आपोआप झिजत नाही, बाइके. माझ्यानंतर कुणीतरी या दारावर मशीन फिरवलंय. आणि अठ्ठावीस मायक्रॉन रंग कुणी हौसेने काढत नाही. इथे खोल ओरखडा होता, तो घालवायला काढलाय. म्हणजे तुमची गाडी काल कुठेतरी गेली होती!"

"गेली होती? कशी जाईल? किल्ली माझ्या खिशात होती, इसिक-कूलला!"

"आणि गाळ्याची?"

"ती घरी खिळ्याला. घरी काल दोघंच होते. आताके, म्हणजे माझे वडील, आणि माझा मेव्हणा एसेनगुल." एवढं बोलून बाइके थबकले आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "एसेनगुल! तो मोर! वायर जोडून गाडी सुरू करायला त्याला दोन मिनिटं पुरतात!"

आणि ते तरातरा घराकडे निघाले.

३

बुरुलाई मात्र दारासमोर उकिडवी बसली. ते लहरणारे पट्टे तिच्या ओळखीचे होते. तिचं स्वतःचं मशीन फिरता फिरता डुलतं. त्याने असे पट्टे उमटतच नाहीत. हे पट्टे एकाच जागी गरगर फिरणाऱ्या जुन्या, जड मशीनचे. दाराच्या मुठीखाली बोट घातलं तर बोटाला गुलाबी पेस्ट लागली. तिची पेस्ट पांढरी. जड मशीन आणि गुलाबी पेस्ट वापरणारा या सोसायटीत एकच माणूस होता.

सोवेतबेक उस्ता सहा नंबरच्या गाळ्यात स्टुलावर बसून समसा खात होता. उस्ता म्हणजे हातात कसब असलेला उस्ताद, आणि सोसायटीत हा मान त्यालाच होता. सात वर्षं बुरुलाई त्याच्या हाताखाली शिकली. मग तिने डुलणारं मशीन आणलं, तेव्हा तो म्हणाला होता, 'मनगटात दम नसलेल्यांची खेळणी ही.' त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

तिने गुलाबी बोट त्याच्या समोर धरलं. "उस्ता, हे तुमचं."

सोवेतबेकने बोटाकडे पाहिलं आणि समसा खाली ठेवला. "माझंच."

इतक्या सहज कबुली मिळेल असं तिला वाटलं नव्हतं. "माझं काम बिघडवलंत? मला गाळ्यातून हाकलायला?"

"तोंड सांभाळ, पोरी! बिघडवायचं असतं तर तास दीड तास घाम गाळला असता का? ओरखडा होता. मी काढला."

"आणि वर तेलाची पेस्ट चोपडून पट्टे झाकलेत."

"मला वाटलं, टिकेल शनिवारपर्यंत." त्याने मान वळवली. "हा गडी आज पाणी मारेल हे कुठे ठाऊक होतं?"

"गाडी कुणी आणली होती?"

"ते नाही सांगणार. शब्द दिलाय."

"उस्ता, पाच वाजता माझा गाळा जाईल!"

"ठाऊक आहे," सोवेतबेक म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. "सकाळपासून हा एकच समसा हातात धरून बसलोय, घशाखाली उतरत नाहीये. पण दिलेला शब्द नाही मोडणार. जा तू आता."

४

बारा वाजेपर्यंत बुरुलाईने ते दार बोटभर बोटभर तपासलं. चोर सापडला तरी त्याने काय केलं हे कळायला नको?

दाराच्या मागच्या कडेला निकेलची पट्टी सुरू होते, तिथे मशीनची चकती पोहोचत नाही. तिथे मूळच्या ओरखड्याचं दोन बोटं शेपूट शिल्लक होतं. किल्लीचा ओरखडा बारीक असतो. हा रुंद होता, बोथट लोखंडाचा, आणि वरखाली हेलकावत गेलेला. पट्टीच्या फटीत एक लांब, जाड, तांबूस केस अडकला होता. तो तिने चिमटीने ओढून काढला.

सोसायटीचे राखणदार मेलिस आके फाटकापाशी मकसिम पीत बसले होते. तिने केस त्यांच्या तळहातावर ठेवला.

"शेपटीचा," मेलिस आके लगेच म्हणाले. "तांबडा घोडा. कुठे मिळाला?"

"व्होल्गाच्या दारात. आके, काल दुपारी इथे कोण होतं?"

"कोण असणार? काल कोक-बोरूची अंतिम स्पर्धा! अख्खं शहर मैदानावर, नाहीतर टीव्हीसमोर. मी पण घरी जाऊन टीव्हीच बघितला, आता खोटं कशाला बोलू! सोवेतबेक तेवढा होता. त्याला बोकडाच्या धडासाठी घोडे झुंजवणं बघवत नाही."

"फाटकाचं कुलूप?"

"शाबूत होतं. किल्लीनेच उघडलेलं." मेलिस आकेंनी व्होल्गाच्या दाराजवळ येऊन ओरखड्याच्या शेपटाला मांडी लावून पाहिली. "अगं, ही तर रिकिबीची उंची! घोडा दाबला गेला, स्वाराच्या पायाखालची लोखंडी रिकीब दाराला घासली. गाडी मैदानाच्या अगदी कडेला होती."

"तिथे तर शेकडो गाड्या असतात. बाकीच्यांच्या दारांना घासत नाही?"

"कशी घासेल? सगळे नाक मैदानाकडे करून लावतात, दाराला दार चिकटवून. घोडे अंगावर आले की गाडी मागे घेता येते ना! लागलंच तर बंपरला लागतं. दाराला घासायचं तर गाडी मैदानाला आडवी उभी पाहिजे." ते हसले. "आणि कडेला आडवी गाडी लावणारा माणूस वेडा पाहिजे. मागे पळायची सोयच नाही."

"वेडा, नाहीतर?"

"नाहीतर आमच्या जुन्या जमान्यातला स्वार. घोडा बाजूने उभा करायचा आणि पाठ दाखवायची नाही, ही तेव्हाची रीत."

बुरुलाई एकदम उभी राहिली. तिला कळलं होतं. पण ते नाव तिला तोंडातून काढता येणार नव्हतं.

५

तीन वाजता मुक्तार बाइके एसेनगुलला दंडाला धरून घेऊन आले. एसेनगुल तीस वर्षांचा, उंच, टोकदार बुटांचा. आज बूट धुळीने माखले होते आणि चेहरा उतरला होता.

"विचार याला! काल मैदानावर होतास की नाही?"

"होतो, भावोजी, पण मित्राच्या गाडीने गेलो! खरंच सांगतो!"

"व्होल्गा बघितलीस तिथे?" बुरुलाईने विचारलं.

"तिथे पन्नास काळ्या गाड्या! धूळ ही एवढी, मला माझे बूट दिसत नव्हते!"

मुक्तार बाइके बुरुलाईकडे वळले. "ऐकलंस? हाच तो. तुला सकाळी टाकून बोललो, माझी चूक झाली. सभेत तू फक्त उभी राहा आणि म्हण, याने गाडी नेली. गाळा तुझा. विषय संपला."

गाळा तुझा! सकाळपासून हे दोन शब्द ऐकायला तिचे कान आसुसले होते. एक वाक्य बोलायचं, बस. एसेनगुलला सगळे ओळखून होते. कुणाला नवल वाटलं नसतं. चार दिवस ओरडा खाल्ला असता आणि पुन्हा बूट चमकवत हिंडला असता.

"याने नेली नाही, बाइके," बुरुलाई म्हणाली.

एसेनगुलचं तोंड उघडंच राहिलं. त्याची बाजू घेणारं माणूस त्याला बऱ्याच वर्षांत भेटलं नसावं.

"मग कुणी?"

"सभेत सांगते. तुम्ही घरून सगळ्यांना आणा. आणि तुमच्या वडिलांनाही आणा. मानाची जागा रिकामी नको."

६

पाच वाजता जर्दाळूच्या झाडाखाली बाकं मांडली होती. बावीस गाळ्यांचे बावीस धनी जमले. मानाच्या जागी, गादीवर, मुक्तार बाइकेंचे वडील असानाली अक्साकाल, म्हणजे सगळ्यांत मानाचे वडीलधारे, बसले होते. वय एक्क्याऐंशी, डोक्यावर पांढरी उंच कळपाक टोपी, हात थरथरते. आपल्याला इथे कशाला आणलंय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते मजेत चहा पीत होते.

मुक्तार बाइकेंनी विषय मांडला. एक-दोघांनी डाव्या दाराकडे बोट दाखवून माना हलवल्या. तेवढ्यात अक्साकालांचा पेला तोंडाशी येता येता थांबला.

"या दारामुळे पोरीचा गाळा जाणार?" त्यांनी शेजारच्याला विचारलं. शेजारच्याने मान डोलावली.

बुरुलाई उभी राहिली. सगळ्यांसमोर एका म्हाताऱ्या माणसाकडे बोट दाखवून 'यांनी केलं' म्हणायची तिच्या लोकांत रीत नव्हती. ती म्हणाली असती तर बाजू खरी असूनही ती हरली असती. म्हणून सबंध दुपार तिने एकेक शब्द पारखून ठेवला होता.

"मी चोर शोधत नाहीये," ती म्हणाली. "चोर नव्हताच. गाडी वायर जोडून सुरू केलेली नाही. तारा जागच्या जागी आहेत, मी बघितल्या. गाडी किल्लीने सुरू झाली. एक किल्ली बाइकेंबरोबर इसिक-कूलला होती. पण व्होल्गा कारखान्यातून दोन किल्ल्यांसह येते. दुसरी कुठाय, बाइके?"

"ती तर मी लहान असतानाच हरवली."

"ठीक. काल ही गाडी कोक-बोरूच्या मैदानावर गेली." तिने केस दाखवला, ओरखड्याचं शेपूट दाखवलं, रिकिबीची उंची मेलिस आकेंनी उठून स्वतः दाखवली. "ती मैदानाला आडवी उभी होती. एसेनगुलच्या वयाची माणसं नाक पुढे करून लावतात. आडवी लावणारा माणूस घोड्यांना घाबरत नाही. त्याने जन्मभर त्यांच्या गर्दीत काढलाय."

मुक्तार बाइकेंच्या कपाळावर घाम आला होता.

"परत आल्यावर ओरखडा सोवेतबेक उस्तांनी काढला आणि गप्प राहायचा शब्द दिला. आज माझा जीव टांगणीला लागला, तरी मोडला नाही. उस्ता एसेनगुलसाठी मशीनचं बटणसुद्धा दाबणार नाहीत, हे तुम्ही सगळे जाणता. असा शब्द ते कुणाला देतील, तेही जाणता. मी नाव घेणार नाही. माझी त्यांच्याबद्दल तक्रारच नाही. मला एकच साक्ष हवी आहे. शुक्रवारनंतर आणि ओरखड्याच्या आधी, हे दार एकाच माणसाने बघितलंय. तेव्हा ते कसं होतं, एवढंच त्या माणसाने सांगावं."

गादीवरून कळपाक हळूहळू वर उठली.

"आरशासारखं होतं!" असानाली अक्साकाल गरजले. थरथरत्या हातांच्या माणसात एवढा आवाज कुठून आला कोण जाणे. "त्या दारात बघून मी कळपाक सरळ केली! पंचेचाळीस वर्षांत माझी गाडी अशी दिसली नव्हती. अशी गाडी गाळ्यात कोंडून ठेवू? अंतिम स्पर्धेच्या दिवशी?"

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक झिजलेली किल्ली काढून उंच धरली.

"आताके," मुक्तार बाइके कसेबसे म्हणाले, "डॉक्टरांनी तुम्हाला..."

"डॉक्टर घोड्यावर बसलाय कधी? ही गाडी मला संघाचा कप्तान म्हणून मिळाली, तेव्हा तू दुपट्यात होतास! कडेला आडवी लावली, बरोबर ओळखलंस पोरी. तांबड्या घोड्यावरच्या पोराने जरा घासली. पण काय धड उचललं त्याने! वा!" मग त्यांचा आवाज खाली आला. "सोवेतबेकला गप्प मीच केलं. लेकाला वाईट वाटेल म्हणून. या पोरीचा गाळा यात अडकलाय हे मला कुणी सांगितलं नाही. चूक माझी आहे. ऐकलंत ना सगळ्यांनी?"

वडिलांवर चारचौघांत ओरडायची सोय नव्हती. मुक्तार बाइके आयुष्यात पहिल्यांदा निःशब्द झाले, आणि ते बघून आधी मेलिस आके हसले, मग एसेनगुल, मग जर्दाळूचं अख्खं झाड हलेल एवढा हशा पिकला.

"हसताय काय?" बुरुलाई म्हणाली. तिचा राग अजून उतरला नव्हता. "दार बाकी आहे. मशीन आणते. तेल नाही, लबाडी नाही. बसा आणि बघा."

तिने दार धुतलं, कडांना पट्टी चिकटवली, स्पंजाच्या गादीवर पांढऱ्या पेस्टचे चार थेंब घेतले. वायर पायात येत होती. कुणीतरी ती मागून उचलून खांद्यावर घेतली. वळून पाहिलं तर सोवेतबेक उस्ता.

"हलकं धर," तो सवयीने म्हणाला.

"हलकंच धरलंय, उस्ता."

आडवे हात, उभे हात, पुन्हा आडवे. मशीन डुलत राहिलं आणि पट्टे एकेक करून विरत गेले. चाळीस मिनिटांनी तिने स्पिरिटने दार पुसलं आणि गाडी मावळतीच्या उन्हात फिरवली. बावीस माणसं दाराशी वाकली. दारात बावीस चेहरे होते, त्यांच्या मागे जर्दाळूचं झाड होतं, आणि जळमटाचं नावही नव्हतं.

सोवेतबेक सगळ्यांत शेवटी वाकला आणि सगळ्यांत जास्त वेळ वाकून राहिला. उठला तेव्हा डोळे ओले होते, आणि ते त्याने लपवले नाहीत. "माझ्या मशीनने हे झालं नसतं," तो सर्वांसमोर म्हणाला. "मनगटाबद्दल बोललो होतो ते चूक होतं. माझ्या हाताखाली शिकली ही!"

मुक्तार बाइकेंनी घसा साफ केला. "चौदा नंबरचा गाळा बुरुलाईकडे राहावा असं ज्यांना..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हात वर गेले होते. अक्साकालांना मत द्यायचा हक्क नव्हता, तरी त्यांनी दोन्ही वर केले.

"एक वर्षासाठी," बाइके म्हणाले.

"एक वर्ष?" बुरुलाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सकाळी साडेआठला सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं मला लबाड म्हणालात. आता त्याच आवाजात सांगा, किती वर्षं."

मुक्तार बाइकेंनी वडिलांकडे पाहिलं. तिथून काही मदत मिळण्याची चिन्हं नव्हती. मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि पत्र्याची दारं थरथरतील अशा आवाजात ओरडले,

"हवी तेवढी वर्षं! चौदा नंबर बुरुलाई उस्ताचा!"

उस्ता! हा शब्द या सोसायटीत बाईच्या नावापुढे कधी लागला नव्हता. बुरुलाई हसली, आणि हसता हसता रडली.